कशावरून सर

सरांना कोणी 'आज फार ऊन आहे' म्हटलं तरी ते थांबायचे, चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "कशावरून?" त्यात चेष्टा नसायची. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं. भोरच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "सर, मेथी आत्ताच आलीया," की हे विचारणार, "कशावरून?" ती बिचारी जुडी उलटी करून मुळं दाखवायची. "ही बगा की, माती आजून वली हाय." मग सर समाधानानं जुडी पिशवीत टाकायचे. त्यांचं नाव चांगलं मोठं होतं, दारावर तशी पाटीही होती. पण भोरात सगळे त्यांना 'कशावरून सर' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि ते रागावत नसत.

गेल्या वर्षी सर भोरचं घर बंद करून मुलीकडे राहायला गेले. लांब गेले. एसटीनं जाऊन भेटून यावं असं ते गाव नाही. ते इथं होते तेव्हा त्यांच्या तोंडावर मी कधी चांगलं बोललो नाही. मला तशी सवय नाही. आता लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय मी उठत नाही, हे आमच्या पासली गावातलं कोणीही सांगेल.

सर पुण्याच्या एका लॉ कॉलेजात शिकवायचे आणि भोरहून रोज एसटीनं ये-जा करायचे. पुण्यातच घर का घेत नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "मुलं वर्गात जे बोलत नाहीत, ते एसटीत बोलतात." माझी नात ऋतुजा त्याच कॉलेजात होती. आमच्या पासलीहून पुण्याला रोज जाणं शक्य नाही, म्हणून ती कापूरहोळला माझ्या लेकीकडे राहायची. लेक आणि जावई तिथं हायवेला ढाबा चालवतात. सकाळी भोरची गाडी कापूरहोळला आली की ऋतुजा चढायची, आणि सरांनी पिशवी ठेवून तिची जागा धरलेली असायची. पुण्यापर्यंत सर नुसते विचारत राहायचे. पोरगी रविवारी घरी आली की तिच्या बोलण्यातही तेच. मी म्हणालो, "यंदा पीक बरं हाय," की ही म्हणायची, "कशावरून, आबा?" मी म्हणायचो, "तुज्या सराला हितं आन. दावतो कशावरून ते."

सर खरोखरच आले. त्याचं असं झालं.

ऋतुजाला पाण्याचा कायदा शिकायचा होता आणि त्यासाठी हॉलंडला जायचं होतं. तिथं दरवर्षी सरकारकडून थोड्या मुलांना फुकट शिकवतात. त्यात नंबर लागला तरच जाणं, नाहीतर नाही. नाहीतर तिच्या आत्याच्या नणंदेनं सांगितलेलं सासवडचं स्थळ तयारच होतं, आणि माझ्या सुनेला ते पसंत होतं. म्हणजे पोरीचा सगळा जीव त्या एका अर्जात अडकलेला. अर्जासोबत आपली माहिती सांगणारा एक निबंध लागत होता आणि सरांचं पत्र लागत होतं. निबंध तिनं पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसात लिहून घेतला. तिथं म्हणे हेच काम करतात. तो निबंध तिनं सरांना दाखवला. सरांनी वाचला आणि जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर तांबड्या पेन्सिलीनं आपला तो एकच शब्द लिहिला. मग म्हणाले, "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही. रविवारी तुझ्या घरी येतो."

भोर ते कापूरहोळ, तिथून नसरापूर, मार्गासनी, वेल्हे आणि मग पासली. गाड्या बदलत बदलत हे गृहस्थ आले. आमची भाताची झोडणी चालली होती. खळ्यावर पेंढ्याचा धुरळा उडत होता, आणि त्यातून पांढरा सदरा, काखेत छत्री, हातात पिशवी असा एक किडकिडीत माणूस चालत आला.

"बाबुराव तुम्हीच का?"

"व्हय, मीच."

"कशावरून?"

मी काठी टेकून उभा राहिलो. म्हणालो, "ह्ये खळं माजं, ह्ये घर माजं, आन् ही दारातली कुत्री तुमाला भुकतीया, मला न्हाई. आजून काय पायजे?"

सर एवढे मोठ्यानं हसले की कुत्री भुंकायची थांबली. मग खळ्याच्या कडेला भाताच्या भाऱ्यावर बसले, पाणी प्याले आणि पिशवीतून तो निबंध काढला. ऋतुजा दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला ते मी पाहिलं, पण कारण कळलं नाही.

सर म्हणाले, "बाबुराव, नातीनं लिहिलंय की तुमच्या घरात काही रात्री चूल पेटत नाही. खरं का?"

"कुनाच्या घरात?"

"तुमच्या."

सरांचा हात धरला, घरात नेलं, माजघरातल्या कणगीचं झाकण काढलं आणि म्हणालो, "घाला हात." त्यांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात भातात घातला. तसाच थोडा वेळ ठेवला. मग बाहेर काढून म्हणाले, "हे झालं. पुढचं. आजोबांनी मुलीच्या शिक्षणाला विरोध केला."

"म्या?"

"असं लिहिलंय."

"आवो, ही पोरगी वेल्ह्याच्या शाळंत जायला रडायची तवा हिला सायकलच्या दांडीवर बसवून कुनी न्हेली? हिच्या बापानं? त्यो टेम्पो घिऊन मुंबईला पळायचा. म्या न्हेली!" माझा आवाज खळ्यापर्यंत गेला असावा, कारण झोडणारी माणसं थांबली. मी ऋतुजाला म्हणालो, "का गं, तुला उपाशी ठेवली व्हय म्या?"

ती रडायला लागली. "आबा, त्या ऑफिसातले म्हनले, असं लिवल्याबिगर भाईरच्या देशात कुनी इचारत न्हाई. सगळी पोरं असंच लिवत्यात."

मी आणखी काही बोलणार होतो, पण सरांनी हात वर केला. ते तिला म्हणाले, "गरिबी असेल तर जरूर लिही, त्यात लाज नाही. पण नसलेली गरिबी लिहिलीस तर खऱ्या गरीब मुलाची जागा अडवशील. आणि या म्हाताऱ्या माणसाला तू साऱ्या जगापुढं भिकारी केलंस, ते वेगळंच." मला म्हातारा म्हणाले ते आवडलं नाही, पण बाकीचं आवडलं. आमच्या घराची अब्रू राखायला एवढ्या गाड्या बदलून येणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

मग सरांनी तिला विचारलं, "पाण्याचा कायदाच का? दुसरं काही का नाही?" तिनं आधी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं. सर म्हणाले, "कशावरून?" तिनं दुसरं सांगितलं. पुन्हा तेच. असं होता होता ती चिडली आणि म्हणाली, "बदकांमुळं!"

ती बदकांची गोष्ट खरी आहे. आमच्या वरच्या अंगाला शहरातल्या एकानं जमीन घेऊन बंगला बांधला आणि ओढ्यावर बांध घालून तळं केलं. त्या तळ्यात त्याची पांढरी बदकं पोहायची, आणि आमचं भात पोटरीला आलेलं असताना शेवटचं पाणी खाली येईना. आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, पाणी तुमचं असल्याचा कागद दाखवा. पाण्याचा कागद कुठून आणायचा? आमच्याकडे पाळी ठरलेली असते, माझ्या पणज्याच्या आधीपासून. आधी टोकाच्या खाचराला पाणी, मग वरच्याला. ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कोणी लिहिली नाही. ऋतुजा तेव्हा शाळेत होती आणि माझं बोट धरून त्या कचेरीत उभी होती. मी साहेबाशी भांडलो, हरलो आणि परत आलो. त्या वर्षी आमच्या खालच्या खाचरातलं भात पोचट निघालं. पोरीनं हे सगळं मनात ठेवलंय, हे मला त्या दिवशी सरांच्या समोर कळलं.

सर म्हणाले, "मग हे लिही की. एवढं घरात असताना बाहेरून उसनं कशाला आणलंस?"

"हे बारीक वाटलं, सर. एका ओढ्याचं."

"बारीक आहे की मोठं ते वाचणारा ठरवेल. तू फक्त खरं लिही."

जेवायला थांबले. नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी बोटं चाटून खाल्ली. निघताना मी आंबेमोहोराची छोटी पिशवी पुढं केली, तर हात मागं घेतला. म्हणाले, "पत्र लिहायचंय मला. निकाल लागेपर्यंत तुमच्याकडचं काही घेणार नाही." मी म्हणालो, "आमटी कशी खाल्ली मग?" ते म्हणाले, "ती पुरावा म्हणून खाल्ली." असा माणूस. मी पिशवी परत आत ठेवली. रागही आला आणि मान वाकवावीशीही वाटली. वाकवली नाही.

त्यानंतर मी भोरला गेलो की सरांकडे डोकावू लागलो. त्यांच्या घरात पुस्तकं एवढी की बसायला खुर्ची मोकळी करावी लागे. सरांच्या पत्नी, काकू, फार मायाळू बाई. चहा देता देता नवऱ्याची तक्रार करायच्या. "बाबुराव, आमच्या लग्नात अक्षता पडल्या, भटजी म्हणाले, झालं लग्न. तर हे काय म्हणाले असतील?" सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "प्रश्न रास्त होता. भटजींना उत्तर देता आलं नाही." काकू म्हणायच्या, "आणि मी इतकी वर्षं देतेय!"

सरांची आणखी एक खोड होती. पत्र लिहिलं की ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला ते वाचून दाखवायचे. इतर मास्तर म्हणे पाकीट बंद करून परस्पर पाठवतात. सर म्हणायचे, "माणसाच्या पाठीमागे त्याची स्तुतीसुद्धा करू नये." तर ऋतुजाचं पत्र तयार झालं आणि त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. काकूंनी पोहे टाकले होते. पत्र इंग्रजीत. सर एकेक वाक्य वाचायचे आणि माझ्यासाठी मराठीत सांगायचे. पोरगी मूळ शोधल्याशिवाय गप्प बसत नाही. तिला दुसऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता येते. एसटीत उभ्यानं वाचते. ऐकून माझी छाती भरून आली. मी मनात म्हणत होतो, पासलीच्या पोरीबद्दल असं कोणी लिहिलंय का आजवर?

आणि मग सर म्हणाले, "आता पुढचं वाक्य. ही मुलगी हट्टी आहे. तिची चूक दाखवून दिली तर ती लगेच कबूल करत नाही. तिला एक दिवस लागतो."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनलं?"

सरांनी परत सांगितलं.

"आन् ह्ये तुमी त्या परदेशातल्या लोकांना धाडनार?"

"हो."

"सर, आमच्यात पोरीचं स्थळ इचारायला मानसं आली की शेजारी तिचं गुण सांगत्यात. पोरगी रागीट आसली तरी म्हनत्यात, सोभाव गाईसारखा हाय. वैरीसुदीक हट्टी म्हनत न्हाई. आन् तुमी तिचं मास्तर असून..."

"म्हणूनच लिहितोय. बाबुराव, नुसती स्तुती तिथं रोज ढिगानं येते. हे एक वाक्य खरं आहे असं त्यांना पटलं, तर वरची सगळी वाक्यं पटतील."

"त्ये वाक्य काडा."

"नाही."

"मंग पत्रच नगं आमाला!"

काकू पोह्यांच्या बश्या घेऊन दारातच थबकल्या. मी उठलो, ऋतुजाला उठवलं आणि बाहेर पडलो. सरांनी थांबवलं नाही. एसटी स्टँडवर आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. गाडी लागली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आबा, त्यांनी लिवलंय त्ये खोटं हाय का?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. कापूरहोळला ती उतरली तरी मी मान वळवली नाही.

त्या संध्याकाळी घरी सून म्हणाली, "आबा, आता तरी सासवडवाल्यांना व्हकार कळवू का?" तिच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. ज्याच्यामुळं पोरीचं जाणं होणार होतं, त्याच माणसाला मी तोडून आलो होतो. आणि कशासाठी? तर त्यानं पोरीला हट्टी म्हटलं म्हणून, आणि तेही मला न विचारता. मी सुनेला म्हणालो, "कुनाला काय कळवू नगंस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी भोरला. सरांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. तुमचीच वाट बघत होतो."

मी विचारलं, "कशावरून?"

"नात कोणावर गेलीय ते काल कळलं. म्हटलं, एक दिवस लागेल."

आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "त्ये वाक्य ऱ्हाऊ द्या." चुकलो असं मी म्हणालो नाही. सरांनीही विचारलं नाही. खुर्चीवरची पुस्तकं उचलून त्यांनी मला जागा केली आणि काकूंना म्हणाले, "कालचे पोहे राहिलेत यांचे."

पत्र गेलं. थोड्या दिवसांनी कळलं, ते लोक मोबाईलवर समोरासमोर प्रश्न विचारणार. दिवस गुरुवार, वेळ दुपारची. आता पासलीत मोबाईलला रेंज धरायची तर टेकडीवर चढून उभं राहावं लागतं. भोरात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. शेवटी ठरलं, जावयाच्या ढाब्याची माडी. तिथं रेंज पक्की आणि इन्व्हर्टर आहे. जावई तोंड बारीक करून म्हणाला, "मामा, दुपारचं ऐन धंद्याचा टाइम हाय." मी म्हणालो, "जावईबापू, तुमचा धंदा रोजचा हाय."

पण शेजारच्या गॅरेजात पत्रा ठोकायचं काम चाललेलं. माडीवर कानठळ्या बसत होत्या. सर खाली उतरून मिस्त्रीकडे गेले आणि त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो हातोडा खाली ठेवून स्वतःच जिन्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "पोरगीची परीक्षा हाय म्हनं. मंग सांगायचं की आदी." मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर काठी आडवी धरून बसलो. बाकड्यावर ट्रकवाले जेवत होते. मोठमोठ्यानं गप्पा.

"ए, हळू बोला रं!"

"का वो आबा, भाकर खायाची का न्हाई आमी?"

"खा. पर गप खा."

"कांदा फोडू का नगं?"

"फोड. पर हातानं फोड, बुक्की हानू नगंस."

सगळा ढाबा हसला आणि मग खरोखरच गप झाला. सर माझ्या वरच्या पायरीवर दाराला कान लावून बसले होते. आतून ऋतुजाचं इंग्रजी आणि मधूनमधून परक्या माणसांचे आवाज येत होते. मला काही कळत नव्हतं, मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो. एकदम सरांची पाठ ताठ झाली.

"काय झालं?"

"ते वाक्य विचारलं त्यांनी."

मी एक पायरी वर सरकलो. आत पोरगी बोलायला लागली ती बोलतच राहिली. मला तिचा आवाज माहीत आहे. खोटं बोलताना ती भरभर बोलते. आता सावकाश बोलत होती. थोड्या वेळानं मोबाईलमधून ती परकी माणसं हसली. वाईट हसणं नव्हतं, ते भाषा न कळताही कळतं.

"काय म्हनली ती?"

सर कुजबुजले, "म्हणाली, खरं आहे. माझा पहिला निबंध खोटा होता आणि सरांनी तो पकडला, तेव्हा पुढचा एक दिवस मी गाडीत त्यांच्याशी बोलले नाही. मग नवा लिहून नेला, तोच तुमच्यासमोर आहे. आणि म्हणाली, आमच्या घरात हे असंच चालतं, माझ्या आजोबांनाही एक दिवस लागतो."

"माजं कशाला सांगितलं तिनं!"

"पुरावा दिला," सर म्हणाले. चष्मा काढून ते बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

निकाल लागला तेव्हा शेतं उन्हानं तापलेली होती. सरांना फोन करता आला असता, वेल्ह्याहून कोणीही निरोप आणला असता. पण ते स्वतः आले, ऋतुजाला बरोबर घेऊन, छपाई केलेला कागद घडी करून खिशात. अंगणात येऊन म्हणाले, "मी स्वतः वाचलंय, दोनदा. तिला घेतलंय." सून पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि थोड्या वेळानं तिनंच गूळ आणला. मी आत गेलो आणि ती आंबेमोहोराची पिशवी घेऊन आलो. सरांनी दोन्ही हात पुढं केले. "आता द्या," म्हणाले. गाडीपर्यंत पिशवी मला उचलू दिली नाही.

हॉलंडविषयी मी त्यांना एकदाच विचारलं. ऐकलं होतं, तिथं समुद्र वर आणि माणसं खाली, मध्ये नुसता बांध. म्हणालो, "सर, बांध फुटला तर?"

सर म्हणाले, "तसं होऊ नये म्हणून तिथं माणसं शेकडो वर्षं एकमेकांशी बसून पाण्याचे नियम ठरवतायत. तुमच्या पाळीसारखेच. फक्त त्यांनी लिहून ठेवले. ते कसं लिहायचं, ते ती शिकून येईल."

शिकून येईल असं म्हणाले. परत येईल का, हे मला विचारायचं होतं. पण विचारलं नाही. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे पुरावा नव्हता आणि ते खोटा दिलासा देणारे नव्हते.

जायचा दिवस श्रावणातला. मुलाचा टेम्पो धुऊन काढला होता. एरवी त्यात भाताची पोती जातात, त्या दिवशी पोरीच्या दोन बॅगा. विमान पुण्याहून दुपारचं, मग दिल्लीला बदलायचं. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डॉक्टरनं घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. तरी काळा चष्मा लावून कापूरहोळच्या फाट्यावर उभे. काकू शेजारी, त्यांचा हात धरून. "ऐकत नाहीत हो, बाबुराव. मला म्हणतात, डोळा बरा नाही कशावरून!" मी पुढं सरून सरांना माझ्याजवळ बसवलं.

विमानतळाच्या दाराशी ऋतुजा सगळ्यांच्या पाया पडली. माझ्या पाया पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सरांच्या पाया पडली तेव्हा ते म्हणाले, "तिथली माणसं बरोबर असली तर लगेच ऐक. दिवस घालवू नकोस."

"हो, सर."

"आणि चुकत असली तर अजिबात ऐकू नकोस."

ती हसली, रडली आणि बॅगा ढकलत काचेच्या दारातून आत गेली. आम्ही काचेला लागून उभे राहिलो. तेवढ्यात एकसारख्या टोप्या घातलेल्या यात्रेकरूंचा मोठा जथा मध्ये आला आणि पोरगी त्यात दिसेनाशी झाली. मी टाचा उंच केल्या, काठीवर जोर दिला, पण छे.

सर माझ्या बाजूला. काळ्या चष्म्याआडून त्यांना सगळा उजेडच दिसत असणार. हळूच म्हणाले, "दिसते का हो?"

"दिसती," मी म्हणालो.

"काय करतेय?"

"उभी हाय. हिकडंच बगती."

"आणि आता?"

मी आवाज नीट ठेवला. "हात करतीया, सर. तुमाला."

सरांनी घाईघाईनं हात वर केला. भलत्याच बाजूला, एका खांबाकडे. आणि लहान पोरासारखा हलवत राहिले. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो आणि त्याच खांबाकडे तोंड करून मीही हात वर केला.